पोटात की पोटाच्या भिंतीत? टळलेल्या एका ऑपरेशनचं प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णय आणि त्यांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सर्जन म्हणून काम करतो. तीस खाटांचं हॉस्पिटल आहे. रात्री एक ड्यूटी डॉक्टर, दोन सिस्टर आणि फोन केला की वीस मिनिटांत पोचणाऱ्या भूलतज्ज्ञ, एवढी माणसं. सोनोग्राफीचं यंत्र आहे, पण पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याप्रमाणे, ते नोंदणी झालेल्या डॉक्टरांनीच चालवायचं. आमचे रेडिओलॉजिस्ट शेजारच्या गावाहून येतात. सीटी स्कॅन जिल्ह्याच्या शहरात, सत्तर किलोमीटरवर.

डिसेंबरातल्या एका रात्री पावणेअकराला एकसष्ट वर्षांच्या बाईंना जीपमधून आणलं. सोबत मुलगा आणि सून. दुपारपासून पोटात उजव्या बाजूला खाली प्रचंड कळ, एकदा उलटी, अंगात कणकण. बारा दिवस खोकला होता. गावातल्या डॉक्टरांकडून आधी पाच दिवस एक अँटिबायोटिक झालं. त्यानं जुलाब लागले म्हणून दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झाल्याची नोंद ड्यूटी डॉक्टरांनी केसपेपरवर केली होती, एका ओळीत, वरच्या कोपऱ्यात.

त्या रात्री काय दिसलं

नाडी १०८ आणि थोडी अनियमित, रक्तदाब १०४/७०, ताप ९९.४. पांढऱ्या पेशी १३,६००, हिमोग्लोबिन ८.६. पोटाच्या उजव्या खालच्या भागात हात लावू देत नव्हत्या. स्नायू ताठ झाले होते, आणि त्या ताठरपणाखाली मुठीएवढी गाठ लागत होती.

ड्यूटी डॉक्टरांचं निदान होतं अपेंडिक्स फुटून झालेली गाठ. मी हात लावून पाहिला आणि मला ते पटलं. ताप, उलटी, वाढलेल्या पेशी, उजवीकडे खाली ताठरपणा, गाठ: शिकताना पाठ केलेलं चित्र जसंच्या तसं समोर होतं. मी ऑपरेशन थिएटर उघडायला सांगितलं.

बाईंनी एक वाक्य मात्र दोनदा सांगितलं होतं. "खोकल्याची उबळ आली, आन् हितं कायतरी तुटल्यावानी झालं बघा."

मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. खेड्यात पोटदुखीला "तुटतंय" म्हणायची रीतच आहे, असं मी मनात म्हटलं. त्यांनी तर घडलं तेच शब्दशः सांगितलं होतं.

पहिला थांबा: भूलतज्ज्ञांचा प्रश्न

भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. मी पोटापासून सुरुवात केली होती, त्यांनी नेहमीप्रमाणे छातीपासून केली. ब्लाउजची वरची बटणं काढल्यावर छातीच्या हाडावरचा उभा व्रण दिसला. स्टेथोस्कोप ठेवला आणि त्यांनी मान वर केली. "झडप धातूची आहे. टिक टिक नीट येतेय. मावशी, रक्त पातळ करायची गोळी घेता का?"

सुनेनं पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. "आत्यांची हीच ती गोळी. एक दिस पण चुकत नाही." वॉरफरिन, ५ मिलिग्रॅम. आयएनआर चार महिन्यांपूर्वी तपासला होता, २.७. त्या वेळचं हिमोग्लोबिन ११.२. डब्यात गावातल्या चिठ्ठ्याही होत्या: आधी क्लॅरिथ्रोमायसिन, मग मेट्रोनिडाझोल.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो याचं माप. कुणाचंही साधारण १ असतं. मायट्रल जागेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांच्या मध्ये, धातूची झडप असेल तर ते २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवतात, म्हणजे सहसा झडपेवर गुठळी बसत नाही आणि माणसाला रक्तस्रावही होत नाही. मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन, दोन्ही औषधं वॉरफरिनचं यकृतात होणारं विघटन मंदावतात. रोजची गोळी तीच राहते आणि अंगातलं औषध मात्र साचत जातं. त्यात आठवडाभर बाई पेजेवर होत्या. पालेभाजी नाही, म्हणजे रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्वही नाही.

पावणेबाराला आयएनआर हातात आला: ८.२.

थिएटरमध्ये ट्रॉली मांडून झाली होती.

मग मी पोट पुन्हा तपासलं

या वेळी मी हात लावण्याआधी बसलो आणि त्यांना पुन्हा सगळं सांगायला लावलं. आधी बेंबीभोवती दुखलं का? नाही. मळमळ आधी का कळ आधी? कळ. कळ सरकली का? नाही, "हितंच उठली आन् हितंच ऱ्हायली."

अपेंडिक्सचं दुखणं सहसा असं वागत नाही. त्याचं कारण पोटाच्या अस्तरात आहे. या अस्तराला मराठीत पर्युदर म्हणतात, दवाखान्यात पेरिटोनियम. पातळ, ओलसर, चकचकीत पडदा. सगळा पसरून मोजला तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास माणसाच्या त्वचेएवढं भरतं. त्याचा एक थर पोटाच्या भिंतीला आतून चिकटलेला असतो, तोच पुढं वळून आतड्यांवर चढतो. पडदा एकच, पण दोन्ही थरांच्या नसा वेगळ्या. आतड्यांवरच्या थराला कापलेलं कळत नाही. त्याला ताण कळतो, आणि तोही मोघम, पोटाच्या मधोमध. म्हणून अपेंडिक्स सुजलं की सुरुवातीला बेंबीभोवती कालवतं. सूज वाढून भिंतीकडच्या थराला टेकली की दुखणं उजवीकडे खाली येऊन एका जागी बसतं, कारण भिंतीकडच्या थराच्या नसा पोटाच्या स्नायूंच्या आणि वरच्या कातडीच्याच असतात: सातव्या वक्षीय नसेपासून पहिल्या कटीय नसेपर्यंतच्या. याच नात्यामुळे आतला पडदा चिडला की वरचे स्नायू आपोआप ताठ होतात.

इथं दुखणं सरकलंच नव्हतं. पहिल्या क्षणापासून एका बोटाच्या जागेवर होतं, तेही खोकल्याच्या झटक्याबरोबर. म्हणजे सुरुवात आतड्याकडून झालेली नसून भिंतीकडूनच झालेली असू शकते.

मग एक साधी तपासणी केली. त्यांना दोन्ही हात छातीवर घ्यायला सांगितलं, माझं बोट दुखऱ्या जागी ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, नुसती मान आणि खांदे उचला, उठू नका." पोटाचे सरळ स्नायू ताठ झाले की ढालीसारखे पुढं येतात. दुखणं पोटाच्या आत असेल तर ढालीमुळे बोटाचा दाब आत पोचत नाही आणि दुखणं कमी होतं. दुखणं भिंतीतच असेल तर ताठ स्नायूत ते वाढतं. बाई कळवळल्या. आणि गाठ नाहीशी झाली नाही, उलट बोटाखाली जास्त ठळक लागली. मधल्या रेषेच्या डाव्या बाजूला ती गेलेली नव्हती.

यातली पहिली खूण कार्नेट यांनी १९२६ मध्ये मांडली. स्नायू ताणल्यावरही गाठ तशीच लागते आणि मधली रेषा ओलांडत नाही, ही दुसरी खूण फॉदरगिल यांची, तीही १९२६ चीच. त्यांनी ती पोटाच्या भिंतीतल्या रक्ताच्या गाठीबद्दलच लिहिली होती, ओटीपोटातली गाठ समजून फसगत होते म्हणून. शंभर वर्षांची ही तपासणी, यंत्र लागत नाही, अर्धा मिनिट लागतो. मी पहिल्या फेरीत ती केली नव्हती. मात्र नसा अडकल्या असतील किंवा पोटभर पसरलेला दाह असेल तरीही ही खूण दुखरी निघू शकते, हे लक्षात ठेवावं लागतं. आणि ताजा रक्तस्राव असेल तर ती एकदाच करावी, पुन्हा पुन्हा नाही.

भिंत कशी बांधलेली आहे

पुढचं सगळं प्रकरण या बांधणीवर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुशीच्या बाजूला कातडी आणि चरबीखाली स्नायूंचे तीन पत्रे एकावर एक असतात: बाहेरचा तिरका, आतला तिरका आणि आडवा. पोटाच्या मधोमध, बेंबीच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांपासून खाली जघनास्थीपर्यंत दोन उभे पट्टे जातात, ते रेक्टस स्नायू. कुशीचे तीन पत्रे पुढं येताना कंडऱ्यांचे, म्हणजे पांढऱ्या चिवट पडद्यांचे होतात आणि रेक्टसला पुढून-मागून गुंडाळून मधल्या पांढऱ्या रेषेत एकमेकांत विणले जातात. या आवरणाला रेक्टस शीथ म्हणतात. आपण म्यान म्हणू.

वरच्या भागात हे म्यान पुढून आणि मागून, दोन्हीकडून भक्कम असतं. बेंबी आणि जघनास्थी यांच्या साधारण मध्यावर, माणसागणिक थोडं वर-खाली, एक कमानीसारखी कड येते. तिच्या खाली तिन्ही पडदे रेक्टसच्या पुढून जातात. मागं काहीच उरत नाही. स्नायूच्या मागं एक तलम पापुद्रा, मग सैल चरबी, आणि लगेच पर्युदर. या कमानीच्या कडेला डग्लस यांची रेषाही म्हणतात. जेम्स डग्लस हे लंडनमध्ये काम करणारे स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ. त्यांनी १७३० मध्ये पर्युदराचं आणि त्याच्या बाहेरच्या सैल थराचं वर्णन प्रसिद्ध केलं. भिंत कुठं संपते आणि अस्तर कुठं सुरू होतं, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

याच जागी एक रोहिणी आत शिरते, इन्फीरियर एपिगॅस्ट्रिक. जांघेच्या जरा वर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीतून ती निघते, पर्युदराच्या बाहेरच्या चरबीतून तिरकी वर चढते आणि कमानीच्या पुढून रेक्टसच्या मागं म्यानात शिरते. तिचं मुख्य खोड सैल असतं, स्नायूबरोबर सरकतं. तिच्या फांद्या मात्र स्नायूत घट्ट रुतलेल्या. जोरात खोकताना रेक्टस एकदम आखडतो, खोड सरकतं, फांदी जागेवर राहते. वय झालेल्या भिंतीत, पातळ रक्ताच्या माणसात, तिथं फाटतं.

फाटलं कमानीच्या वर तर रक्त म्यानात कोंडलं जातं, दाबानंच थांबतं, उभी लांबट गाठ होते. फाटलं कमानीच्या खाली तर मागून अडवायला कुणीच नाही. रक्त थेट पर्युदराच्या बाहेरच्या अंगाला टेकतं. पडदा चिडतो, स्नायू ताठ होतात, उलटी होते, आणि पोटात काहीतरी फुटल्याचं हुबेहूब सोंग उभं राहतं. शिवाय त्या सैल चरबीतून रक्ताला मूत्राशयाच्या पुढच्या मोकळ्या जागेत आणि तिथून दुसऱ्या बाजूला जायला वाट मोकळी असते.

आमच्या बाईंची गाठ बेंबीखाली चार बोटांवर होती. कमानीच्या खालीच.

समोरचे पर्याय

पहिला, प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठवणारे घटक असलेला रक्तातला द्रव, देऊन लगेच पोट उघडणं. अपेंडिक्स खरंच फुटलं असेल तर उशीर घातक. पण गाठ भिंतीतल्या रक्ताची असेल, तर उजवीकडचा नेहमीचा छेद स्नायू आणि पर्युदर उघडणार, आत साचलेल्या रक्ताचा दाब जाणार, आणि ८.२ आयएनआरच्या बाईंना मी माझ्या हातानं नव्यानं रक्तस्राव सुरू करून देणार.

दुसरा, त्याच रात्री जिल्ह्याला पाठवणं. तिथं सीटी, रक्तपेढी, हृदयरोगतज्ज्ञ सगळं. पण धुक्यात सत्तर किलोमीटर, आणि गाडीत प्लाझ्मा नाही.

तिसरा, ऑपरेशन थांबवून रक्ताची गोठण सुधारणं, रेडिओलॉजिस्टना बोलावणं, तासातासाला बघणं.

मी तिसरा घेतला. मुलाला व्हरांड्यात बसवून सांगितलं की आज रात्री पोट फाडायचं नाही, आणि हेही सांगितलं की मी चुकत असेन तर सकाळपर्यंत कळेल. त्यानं विचारलं, "डॉक्टर, मग आता नुसतं बघतच बसायचं?" त्या वेळी त्याला नीट उत्तर देणं मला जमलं नाही. शस्त्र न उचलण्याचा निर्णय नातेवाइकांना निष्क्रियपणा वाटतो, आणि तो निर्णय घेणाऱ्यालाही रात्री दोन वाजता तसंच वाटतं.

माझी तोंडी ऑर्डर

हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: प्लाझ्मा द्या, वॉरफरिन बंद, के जीवनसत्त्व अगदी थोडं, एक-दोन मिलिग्रॅम. धातूची झडप आहे. गोठण पार उलटवली तर झडपेवर गुठळी बसायची, आणि पुढं आठवडाभर वॉरफरिन लागू पडायचं नाही.

पण त्या फोनच्या आधीच, आयएनआरचा कागद बघता बघता, मी सिस्टरांना म्हटलं होतं, "व्हिटॅमिन के द्या." किती, ते बोललो नाही. आमच्या तातडीच्या पेटीत १० मिलिग्रॅमचं अँप्यूल असतं. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे ते पूर्ण सलाइनमधून दिलं. मी फोन ठेवून आलो तेव्हा बाटली संपत आली होती.

यात सिस्टरांचा दोष नाही. मात्रा न सांगता दिलेली ती माझी ऑर्डर होती.

प्लाझ्माच्या चार पिशव्या आणि लाल पेशींच्या दोन पिशव्या मुलानं जिल्ह्याच्या रक्तपेढीतून आणल्या, पहाटे साडेतीनला. वजन ४८ किलो, हृदय कमजोर. त्यामुळे प्लाझ्माही हळू द्यावा लागला, फुप्फुसात पाणी होऊ नये म्हणून.

सोनोग्राफीनं निर्माण केलेला पेच

रेडिओलॉजिस्ट दीडला आले होते. झोपेतून उठून आलेले, बाई हात लावू देत नव्हत्या. पोटासाठी नेहमी वापरतात तो खोलवर बघणारा प्रोब लावला. अहवाल: उजव्या बाजूला ९.२ × ५.४ × ४.८ सेंटिमीटरचा जाडसर द्रवाचा साठा, अपेंडिक्स दिसलं नाही, अपेंडिक्सचं गळू असण्याची शक्यता, सुई घालून द्रव तपासावा.

हा या प्रकरणातला सगळ्यात निसरडा क्षण. छापील अहवाल हातात आला की स्वतःच्या हाताचा पुरावा फिका पडतो. मी पुन्हा डळमळलो. त्या रात्री सुई घातली नाही, ती शहाणपणानं नव्हे, तर केवळ आयएनआर जास्त होता म्हणून. घातली असती तर रक्ताच्या बंद पोकळीत बाहेरचे जंतू गेले असते आणि खरोखरचं गळू झालं असतं.

सकाळी आठला मी रेडिओलॉजिस्टना पुन्हा बोलावलं. या वेळी "पोट बघा" असं न म्हणता एवढंच विचारलं: हा साठा पर्युदराच्या पुढं आहे की मागं?

त्यांनी प्रोब बदलला, गळ्यासाठी वापरतात तो वरवरचं बारीक दाखवणारा लावला. दोन मिनिटांत पडद्यावर सगळं उलगडलं. साठ्याच्या मागं एक चमकदार बारीक रेष होती, पर्युदराची. त्या रेषेच्या मागं आतडी श्वासागणिक सरकत होती, वळवळत होती. साठा सरकत नव्हता. तो रेक्टस स्नायूच्या आतच होता, त्याचे तंतू फाकवून. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "रात्री हा प्रश्न विचारला असतात तर रात्रीच सांगितलं असतं." खरं होतं. मागणीच्या चिठ्ठीवर मी "अपेंडिक्स फुटलंय का?" एवढंच लिहिलं होतं, आणि त्यांनी त्याचंच उत्तर शोधलं होतं.

दुसरा दिवस

सकाळी आयएनआर १.८ झाला. आम्ही सगळे सैलावलो. निदान झालं, गोठण सुधारली, आता रक्त थांबेल. मी बाह्यरुग्ण विभागात बसलो.

दुपारी सुनेनं सिस्टरांना सांगितलं की आत्यांना सारखी लघवीला लागतेय, होते मात्र चमचाभर. सिस्टरांनी लघवीच्या तपासणीला नमुना पाठवला. जंतुसंसर्ग असेल, असं वाटून गेलं. संध्याकाळी साडेपाचला मी पाहिलं तेव्हा नाडी १२४, आणि गाठ मधली रेषा ओलांडून डावीकडे लागत होती. हिमोग्लोबिन, दोन पिशव्या रक्त देऊनही, ७.१.

रक्त कमानीखालच्या मोकळ्या वाटेनं मूत्राशयाच्या पुढं उतरलं होतं आणि मूत्राशय दाबत होतं. सारखी लघवीला लागणं ही त्याची पहिली बातमी होती. ही वाट मला माहीत होती, आदल्या रात्री मीच तिचं चित्र डोळ्यांसमोर आणलं होतं. तरी दुपारी तीन ते साडेपाच ती बातमी माझ्यापर्यंत पोचली नाही, कारण कोणती लक्षणं दिसली की मला बोलवायचं हे मी कुणालाही लिहून दिलं नव्हतं.

मूत्रमार्गात नळी घातली, आणखी दोन पिशव्या रक्त सुरू केलं आणि बाईंना जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. भूलतज्ज्ञ मॅडम रुग्णवाहिकेत सोबत गेल्या.

तिथल्या सीटीत दोन्ही बाजूंच्या रेक्टसमागं आणि मूत्राशयापुढं रक्त दिसलं. या आजाराची सीटीवरून तीन प्रकारांत वाटणी करतात. हा तिसरा, सगळ्यात मोठा. पण रोहिणीतून चालू गळती नव्हती. गळती असती तर जांघेतून नळी घालून रोहिणी आतून बंद करायची तयारी तिथं होती. त्याची वेळ आली नाही.

परिणाम

तिसऱ्या दिवशी बेंबीखाली जांभळा डाग उमटला, पाचव्या दिवशी तो मांडीपर्यंत उतरला. मुलगा घाबरून मला फोटो पाठवायचा. खोलवरचं रक्त कातडीपर्यंत यायला असे दिवस लागतात. म्हणून पहिल्या रात्री डाग नाही, याला काही अर्थ नव्हता.

खरी लढाई त्यानंतरची होती, झडपेची. अठ्ठेचाळीस तास हिमोग्लोबिन स्थिर राहिल्यावर पाचव्या दिवशी हेपारिन, म्हणजे शिरेतून द्यायचं रक्त पातळ ठेवणारं औषध, सुरू केलं, सुरुवातीचा मोठा डोस न देता, थेंबाथेंबानं. सातव्या दिवशी वॉरफरिन. एरवी पाच-सहा दिवसांत वर येणारा आयएनआर या वेळी हलेना. ५ मिलिग्रॅम, मग ७.५. आमच्या सलाइनमधून गेलेलं के जीवनसत्त्व यकृतात मुरलेलं होतं. २.५ चा आकडा एकोणिसाव्या दिवशी आला. तोवर बाई हेपारिनच्या पंपाला जखडलेल्या, दर सहा तासांनी रक्ताचा नमुना. विसाव्या दिवशी घरी गेल्या. दोनदा केलेल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडप स्वच्छ उघडमीट करत होती, गुठळी नव्हती. दोन महिन्यांनी गाठ तीन सेंटिमीटरवर आली, सहा महिन्यांनी सोनोग्राफीत दिसेनाशी झाली.

आज मी काय वेगळं करेन

कपडे बाजूला करून छातीपासून तपासणी सुरू करेन. पोटाचा रुग्ण म्हणून थेट पोटावर हात टाकला, तिथं माझी पहिली चूक झाली. व्रण दिसला असता तर गोळी विचारली असती, आणि थिएटर उघडायला सांगितलंच नसतं.

खोकला, शिंक, उचकी किंवा जड उचलणं याबरोबर एकदम सुरू झालेल्या, न सरकणाऱ्या पोटदुखीत मान उचलायची तपासणी सोनोग्राफीच्या आधी करेन. आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर कोणता अवयव, याआधी कोणता थर, हे विचारेन. कातडी, म्यान, पर्युदराच्या पुढची चरबी, पर्युदराची पोकळी: या चारांतली जागा ठरली की बहुतेक चुकीची निदानं आपोआप गळून पडतात.

हलवण्याचा निर्णय सकाळी निदान झाल्याबरोबर घेईन. कमानीखालचा रक्तस्राव, धातूची झडप, आणि रोहिणी बंद करायची सोय आपल्याकडे नाही, या तीन गोष्टी सकाळी आठलाच माहीत होत्या. आयएनआर सुधारल्याच्या समाधानात मी नऊ तास घालवले. रात्री न हलवण्याचा निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन. गोठण न सुधारता तो रस्ता धोक्याचाच होता. यावर माझे दोन सहकारी अजून माझ्याशी सहमत नाहीत, आणि पन्नास किलोमीटरच्या आत रक्तपेढी असलेलं हॉस्पिटल असतं तर मीही त्यांच्याच बाजूनं बोललो असतो.

मूळ गोळ्यांबद्दलही लिहायला हवं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेली दोन्ही औषधं त्या त्या तक्रारीला चुकीची नव्हती. वॉरफरिन चालू आहे, हे त्यांना कळलंच नव्हतं, कारण बाईंच्या मते ती "हृदयाची गोळी", आणि विचारलं होतं "आणखी कशाचं औषध चालू आहे का, बीपी, शुगर?" एवढंच. मी त्यांना फोन केला, चिठ्ठीचा फोटो पाठवला. ते दुसऱ्या दिवशी स्वतः हॉस्पिटलात येऊन बाईंना भेटले.

आमच्याकडे दोन गोष्टी लगेच बदलल्या. तातडीच्या पेटीत के जीवनसत्त्वाच्या अँप्यूलला लाल चिकटपट्टी लागली, त्यावर सिस्टरांनी हातानं लिहिलं: "किती मिलिग्रॅम ते विचारा." आणि बाईंच्या गोळ्यांच्या डब्याला सुनेनं आयएनआरची वही दोऱ्यानं बांधली. गेल्या महिन्यातली नोंद २.९ आहे, खाली तिच्या अक्षरात: खोकल्याचं औषध घेण्याआधी फोन केला, डॉक्टरांनी दुसरं दिलं.